मधला दगड

उंबरदऱ्याच्या माळावर साखराबाईनं शिवकन्येचा हात धरला तो सोडायलाच तयार नाही.

"चल माय, तुला दावते. तुमी दुर्बीन घेऊन आलतात ना, त्याच दिशी परगट झाली."

"कोण परगट झाली, आजी?"

"चल तर खरं."

साखराबाई माळावरच्या धनगरवस्तीतली. साठी कधीच उलटलेली. दुष्काळानं मेंढरं निम्म्यावर आली, तरी चाल अजून मेंढरामागं फिरणाऱ्या बाईचीच. शिवकन्या धापा टाकत तिच्या मागं निघाली. खरं म्हणजे ती आज आली होती फक्त फोटो काढायला. परवा, गुरुवारी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची व्हायवा. रिपोर्ट काळ्या पुठ्ठ्यात बांधून तयार होता आणि जोगदंड सरांना ऐनवेळी आठवलं होतं, की साइटचे चार फोटो लावले तर बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना बरं वाटतं. तिचा जोडीदार गहिनीनाथ खाली चारीत उतरून फोटो काढत होता.

ही चारी म्हणजे उंबरदऱ्याचा जीव की प्राण. दोन वर्षं पाऊस नाही, गाव टँकरवर. डोंगरातल्या एका जुन्या विहिरीचं पाणी तेवढं टिकून होतं. गावानं सहकारी पाणीपुरवठा संस्था काढली आणि ठरवलं, की मोटारीवाचून, नुसत्या उतारानं ते पाणी गावच्या हौदात आणायचं. उतार कुठं किती, हे मोजून द्यायला सरकारी कॉलेजातली ही दोन सिव्हिलची पोरं मिळाली. माघात त्यांनी मोजणी केली, खुंट्या ठोकल्या, आणि कोणत्या खुंटीला किती खोल खणायचं याचा कागद संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांच्या हाती दिला. तेव्हापासून गाव खणत होतं. घरटी एक माणूस, रोज, उन्हं चढेपर्यंत. त्या कागदाला सुंदररावांनी प्लॅस्टिकची पिशवी शिवून घेतली होती.

वळणावरच्या बाभळीखाली साखराबाई थांबली. पायातल्या वहाणा काढल्या.

"ही बघ. आसराबाई."

पाट्यासारखा चपटा, लांबट दगड. उभा. बुडाशी धोंडे ठोकून घट्ट बसवलेला. अंगावर हळदीकुंकवाचे थर, पुढं हिरव्या बांगड्या, आणि टँकरच्या पाण्यातलं घोटभर कुणीतरी नुकतंच घातलेलं, अजून ओलं. पाण्याच्या आसरा. विहिरीच्या काठी, डोहाच्या कडेला त्यांची ठाणी असायचीच. शिवकन्येचे हात आपोआप जुळले. तिचा स्वतःचाही नेम होता, महादेवाला पळीभर पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. हॉस्टेलला दोन दिवसांआड दोन बादल्या मिळत, तरी ती पळी चुकली नव्हती.

"तुमी सुंदररावाकडं जेवायला गेलतात," साखराबाई हळू आवाजात सांगू लागली, जसं देवापुढं बोलावं तसं. "मी मेंढरं घेऊन हितनं आले, तर माय माझी आडवी पडलेली. आन् अंगावर कुंकू. ताजं! म्या म्हनलं, आगं बया, आशी कावून पडलीस? उचलली, उभी केली, बुडाला धोंडे ठोकले. तांब्यातलं घोटभर पानी घातलं. तवापासून समद्या बाया येत्यात. ती आली म्हनून तर पानी येनार हाय गावाला."

शिवकन्येचे जोडलेले हात तसेच राहिले.

ते कुंकू तिनं लावलेलं होतं.

दुर्बीण एका जागी ठेवून सगळा माळ मोजता येत नाही. ती पुढं पुढं न्यावी लागते, आणि नेताना मधे एक दगड धरावा लागतो. मागच्या जागेवरून त्या दगडावर पट्टी उभी करून आकडा वाचायचा, दुर्बीण पुढं न्यायची, आणि पुन्हा त्याच दगडावरच्या पट्टीचा आकडा वाचायचा. तेवढा एक दगड हलता कामा नये. हलला, तर त्याच्या पुढचं सगळं तेवढ्यानं खोटं. त्या दिवशी खुणेचा खडू संपला होता. पिशवीत कुंकवाची डबी होती. तिनं त्या आडव्या दगडावर बोटभर कुंकू लावलं, मागचा आकडा वाचून घेतला, आणि सुंदररावांच्या घरून तिसऱ्यांदा बोलावणं आलं म्हणून दोघं जेवायला गेली.

"आजी, मी जरा हात लावू का हिला?"

"लाव की. तुजी बी मायच हाय."

तिनं वीत टाकली. दगडाची उंची दोन विती भरत आली. आडवा होता तेव्हा चार बोटं होता, हे तिला पक्कं आठवत होतं. वजाबाकी करायला कागद लागला नाही. पस्तीस सेंटिमीटर. तेवढी पुढची सगळी चारी उथळ. आणि पुढं खिंडीतल्या उंचवट्यावर सगळा हिशोब बारा सेंटिमीटरच्या उतारावर तोललेला होता. बाराच. म्हणजे त्या कागदाप्रमाणं खणलेल्या चारीत पाणी उंचवट्याच्या अलीकडंच थांबणार होतं.

ती दगडापुढं तशीच खाली बसली. साखराबाईला वाटलं, पोरीच्या अंगात येतंय. तिनं पटकन दगडावरची हळद तिच्या कपाळाला लावली.

*

केजकडं येणाऱ्या जीपमध्ये मागच्या फळीवर दोघं समोरासमोर बसली होती. बाकीची माणसं केजला भरणाऱ्या बाजाराचं बोलत होती. शिवकन्येनं दबक्या आवाजात सगळं सांगितलं. गहिनीनाथ आधी हसला, मग हसायचा थांबला.

"मी पट्टी धरली ना त्याच्यावर. उभा दिसला तर मला वाटलं, तूच नीट लावून ठेवलास."

"मी चाळीस मीटर पुढं होते, गहिनी. मला नुसती पट्टी दिसते, दगड नाही दिसत."

"बरं, मग म्हातारीनं हलवला. आपली काय चूक?"

"आपण परतीची मोजणी केली असती तर त्याच दिवशी कळलं असतं."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मोजत मोजत शेवटपर्यंत गेलं, की उलट मोजत पहिल्या खुंटीपर्यंत यायचं, आणि आकडा जुळतो का ते बघायचं, असा नियम. त्या दिवशी ऊन कलायला लागलं होतं, शेवटची एसटी चुकली असती. परतीचे आकडे दोघांनी हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून लिहिले होते. पोरं त्याला 'कुक करणं' म्हणायची. सगळेच करायचे. गहिनीनाथ त्यात उस्ताद होता. फरक शून्य दाखवला तर संशय येतो, म्हणून त्यानं चार मिलिमीटर ठेवला होता. 'चार कसे खरे वाटतात,' असं म्हणाला होता, आणि ती हसली होती.

"हे बघ शिवा," तो आता हसत नव्हता. "परवा व्हायवा. तोंड उघडलंस तर दोघं वायडी. सरांचं नाव जाईल ते वेगळंच. आणि सांगायचंच असलं तर एवढंच सांग, की म्हातारीनं दगड हलवला. खोटं तर नाही ना ते?"

"गाव काय करील तिचं?"

"आपलं काय करील ते बघ आधी."

वायडी म्हणजे वर्ष गेलं. घरून, तलवाड्याहून, कॉलेजला येताना चुलत्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं, तरी पुढचं आम्ही ठरवू. पुढचं म्हणजे काय, हे घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. स्थळ आधीच बघून ठेवलेलं होतं.

*

संध्याकाळी ती सर्व्हे लॅबच्या दारात तीनदा गेली आणि दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा जोगदंड सरांनीच बघितलं.

"काय गं, फोटो झाले?"

"झाले सर. सर, एक बोलायचं होतं."

"बोल, पण लवकर. परवा एक्स्टर्नल येणार, त्यांना प्यायला जार सांगायचेत, लॅबच्या संडासात पाणी नाही, आणि शिपाई रजेवर." सर वाईट नव्हते. पोरांसाठी पदरचे जार आणणारे होते. पण त्यांना घाई होती, आणि तिच्या घशाशी आलेलं वाक्य त्या घाईपुढं टिकेना.

"सर, ती लेव्हल... दुर्बीण पाहिजे होती. पट्टीसकट. परवापर्यंत."

"व्हायवाला टेबलावर ठेवायला? छान सुचलं. तुमच्या बॅचमध्ये दुसऱ्या कुणाला सुचलं नाही." त्यांनी वहीत सही केली. "तुमचा क्लोजिंग एरर चार मिलिमीटर ना? मी सांगून ठेवलंय एक्स्टर्नलना. दुष्काळी भागातल्या गावासाठी पोरांनी एवढं चोख काम केलंय म्हटलं."

तिनं पेटी उचलली आणि मान वर न करता बाहेर पडली.

बुधवारी ती दिवसभर खोलीत बसून होती. मैत्रिणी घोकत होत्या, एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. तिला विचारलं की ती बरोबर उत्तर द्यायची, आणि स्वतःचाच आवाज लांबून ऐकू यायचा. देवाला पाणी घातलं, पण डोळे मिटून बसली तर समोर पिंड यायची नाही, तो उभा दगड यायचा. आपण कुंकू लावलं म्हणून बायका त्याच्यापुढं घोटभर पाणी ओततात. स्वतःच्या पोटाचं पाणी. याचा झाडा कुणापुढं द्यायचा, हेही तिला कळेना.

दुपारी फोन वाजला. सुंदरराव.

"पोरी, पाइप आलं! उद्या सकाळी नारळ फोडून बसवायला घेतो. लगोलग माती लोटायची. आखितीला बायांना मातीचा करा भरायचाय नळाच्या पान्यानं. तू ये, नारळ तुज्याच हातानं फोडायचा."

"दादा... उद्या माझी परीक्षा आहे."

"मंग आमी तुज्या नावानं फोडतो. जा, मोठी हो."

फोन बंद झाला, तरी ती कानाला धरून बसली. एकदा माती लोटली की संपलं. पाणी आलं नाही तर लोक म्हणतील विहीर आटली, पाइप चोंदला, संस्थेनं खाल्लं. सुंदररावांना म्हणतील. तिला कुणीच काही म्हणणार नव्हतं. ती पास झालेली असणार होती. हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्यात आपल्याला क्षणभर हायसं वाटलं, याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

*

गुरुवारी ती पहिल्या एसटीनं निघाली. तिपाई सीटखाली, पेटी मांडीवर. केजला जीप मिळायला वेळ लागला. दर स्टॉपला वाटे, अजून उतरता येईल, उलटी गाडी पकडली तर अकराला पोचू. ती उतरली नाही. धीरानं नव्हे. उठायचंच सुचेना, म्हणून.

उंबरदऱ्यात आठ वाजता पोचली. विहिरीकडच्या टोकाला साठसत्तर माणसं जमलेली. नारळ फुटला होता. पहिले चारपाच पाइप चारीत उतरले होते. बाया घमेली घेऊन बसल्या होत्या. माती लोटायची वाट बघत.

"आली आली, इंजिनेरीन आली!" कुणीतरी ओरडलं. सुंदरराव खोबऱ्याचा तुकडा घेऊन पुढं आले.

"दादा, पाइप थांबवा."

"का गं?"

"चारीची खोली चुकलीय. खिंडीत. पाणी चढणार नाही."

जवळच्या दोघातिघांनीच ऐकलं. मग ते मागं सरकत सरकत सगळ्यांपर्यंत गेलं.

"किती चुकलीय?" सुंदररावांनी विचारलं.

"दीड वीत."

"दीड वीत," ते म्हणाले. खिंडीत खाली सगळा कातळ होता. पहारी वाकल्या होत्या तिथं.

मालनबाई नावाची एक बाई उठली. तिनं दोन्ही तळवे पुढं केले. "हे बघ. आमी पावनेदोन म्हैने खांदतोय. तुजी मोजनी खोटी, मंग हे फोड बी खोटेच का गं?"

"आगं, शाळेतली लेकरं ती. त्यांच्यावर इसंबला गाव," मागून एक जण म्हणाला. "म्हनलं न्हवतं मी?"

"तू पहारीला हात तरी लावलास का बे?" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. पण कुणी हसलं नाही.

"चुकलं कुठं, ते सांग," सुंदरराव म्हणाले.

"मोजताना मधे एक दगड धरलेला असतो. तो हलला."

"कुनी हलवला?"

बायांच्या घोळक्यात साखराबाई होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. ती पोरीकडं कौतुकानंच बघत होती. एक नाव घेतलं की सगळ्या नजरा तिकडं वळल्या असत्या. आणि ते नाव खोटं नव्हतं.

"दगड कुणीही हलवू दे, दादा. ढोरानं हलवू दे, वाऱ्यानं हलवू दे. म्हणूनच परत फिरून मोजायचं असतं. मी मोजलं नाही. एसटी जाईल म्हणून. घरी बसून आकडे लिहिले, आणि तुम्हाला कागद दिला." हे बोलताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की शेवटचे शब्द मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतले.

साखराबाईच्या हातातलं घमेलं खाली आलं. तिनं वळणाकडं बघितलं, बाभळीकडं, मग शिवकन्येकडं. तोंड उघडलं. शिवकन्येनं मान हलवली, अगदी थोडी. म्हातारी मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरला.

सुंदररावांनी घड्याळ बघितलं.

"परीक्षा किती वाजता?"

"अकराला."

"आता निघालीस तर मोटारसायकलवर पोचशील. सोडू का?"

तिचे पाय खरोखरच अर्धं पाऊल वळले. ते सगळ्यांनी बघितलं. ती रडायला लागली, आणि रडतारडताच तिनं तिपाईचे पट्टे सोडले.

"पट्टी धरायला एक माणूस लागेल. हलायचं नाही, वाकायचं नाही."

"माज्याशिवाय कोन," असं म्हणून चेअरमन सुंदररावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि पट्टी उचलली.

ऊन चढत गेलं. उन्हात दुर्बिणीचा बुडबुडा हलतो, तिच्यावर सावली लागते. तिनं न मागता साखराबाई छत्री घेऊन येऊन उभी राहिली. एका जागेवरून दुसऱ्या जागी मुकाट्यानं छत्री धरत फिरली. सगळं गाव मागोमाग. या खेपेला खुणेचे दगड शिवकन्येनं जमिनीत रुतलेलेच निवडले, आणि प्रत्येकावर एकेक माणूस पहाऱ्याला बसवला. बाभळीखालून जाताना तिनं आसरेकडं बघितलं नाही. तिला धाडस झालं नाही.

खिंडीतला आकडा आला तेव्हा तिनं तीनदा वाचला. फरक पस्तीसचाच. अंदाज नव्हता, खरंच होतं. मग हौदापर्यंत, आणि तिथून उलट. पिशवीतला फोन वाजत राहिला. तिनं बघितलं नाही. एकदा सुंदररावांनी पट्टी खांद्याला टेकवली, तर मालनबाई ओरडली, "दादा, सरळ! पुन्यांदा चुकवायचंय का?" आणि चेअरमन मुकाट ताठ झाले.

परत पहिल्या खुंटीवर आली तेव्हा सावल्या पायाखाली गेल्या होत्या. डोळा दुर्बिणीला लावायच्या आधी ती थांबली. आता जुळलं नाही, तर? सकाळपासूनचं सगळं गेलं, परीक्षा गेली, आणि गावानं पुन्हा तिच्यावर का म्हणून विसंबावं? तिनं आकडा वाचला. बेरीज केली. पुन्हा केली.

सात मिलिमीटर.

"जुळलं का?" सुंदररावांनी लांबून विचारलं. पट्टी अजून सरळच होती.

"जुळलं, दादा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघातिघांनी पाइप पुन्हा वर काढायला घेतले, बाकीचे पहारी उचलून खिंडीकडं वळले. शिवकन्येनं फोन बघितला. सरांचे सहा फोन. खाली गहिनीनाथचा निरोप: 'तुझं नाव तीनदा पुकारलं. अ‍ॅबसेंट टाकलंय. माझं झालं. कुठंयस तू?' तलवाड्याचाही एक फोन येऊन गेला होता. तिनं फोन पिशवीत खोल, वहीच्या खाली सरकवला.

"ये लवकर," खिंडीतून मालनबाईची हाक आली. "हितं किती खांदायचं ते सांग. आन् नीट बघून सांग."

ती गेली. गुडघ्यावर बसून वही उघडली. पहिल्या खुंटीचा आकडा सांगितला. मालनबाईनं पहारीवर बोटानं माप धरलं, तिच्याकडं रोखून बघितलं, आणि तेवढ्याच जागी खडूनं रेघ मारली. मग दुसरी खुंटी. मग तिसरी. खिंडीत अशा एकोणीस होत्या. प्रत्येक आकडा ती वहीत दोनदा बघून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगत होती.